पाचवं पान गुरुवारी

पुण्याहून परत येऊन तीन आठवडे झाले. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण विचारतो, "मॅडम, पुण्यात काय काय पाहिलं?" मी म्हणते, "एक खोली आणि एक धरण." लोक बाईंना प्रवास बाधला असं समजून आपली बीपीची गोळी मागतात. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं. ज्यांना वाचायचं ते वाचतील.

गेले कशाला, ते आधी सांगते. मी फिजिशियन. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझा आणि माझ्या सर्जन नवऱ्याचा बारा खाटांचा दवाखाना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या रुग्णालयात हल्ली एमबीबीएस झालेली पोरं तज्ज्ञ व्हायला येतात, आणि आठवड्यातून दोनदा मी त्यांना शिकवायला जाते. शिकवते म्हणजे काय, तर मी बोलते, ती लिहून घेतात आणि परीक्षेत ओकतात. मीही तशीच शिकले. पण आता वरून फर्मान निघालं की भाषण बंद. खरा पेशंट कागदावर मांडायचा, पोरांनीच डोकं चालवायचं, चुकायचं, आपसात भांडायचं आणि त्यातून शिकायचं. हे कसं करतात ते कळावं म्हणून शिकवणाऱ्यांनी चार दिवस पुण्याला जायचं. चोपन्नाव्या वर्षी मला बाकावर बसवलं, राजेहो. मी रागारागातच बॅग भरली.

सोमवार, सदाशिव पेठ

प्रवासाचं काही सांगत नाही. ट्रॅव्हल्सच्या एसीबद्दल जेवढं कमी बोलावं तेवढं बरं. राहायची सोय नवऱ्याच्या मित्रानं सदाशिव पेठेत लिमयेकाकूंकडे लावून दिली होती. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्यातली रस्त्याकडची खोली. पूर्वी तिथे क्लासला येणाऱ्या मुली राहायच्या. काकू पंच्याहत्तरीच्या, पाठ ताठ. दार उघडून पहिलंच वाक्य:

"आपण अकराला येणार होतात. पावणेबारा झालेत."

मी म्हटलं, "बसला उशीर झाला."

"मग तसा फोन करायचा. फोनला उशीर होत नाही."

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग पुन्हा चहा, आणि तासाभरानं कुणीतरी विचारतं, येणं कसं केलं. इथे आधी नियम. गीझर साडेसहा ते सात. चपला दाराच्या आत, पण पायपुसण्याच्या बाहेर. दार लावताना आवाज नको. नियम संपल्यावर मात्र बाईंनी जे वाढलं त्याला नाव ठेवायला जागा नव्हती: वरण, भात, वर लोणकढं तूप आणि मटारची उसळ. उसळीत गूळ होता. मी पिशवीतून जवसाची चटणी काढली. काकूंनी चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ही आपण पेशंटला देता की स्वतः खाता?" मला बाई आवडल्या.

जेवून पडले होते. डोळा लागतो न लागतो तोच आतल्या खोलीतून काकूंचा आवाज यायला लागला. कुणाशी तरी बोलत होत्या. आज भाजीवाला काय म्हणाला, पाणी किती वेळ आलं, पुतण्याचा फोन. मध्येच, "हो की नाही?" मग थोडं थांबणं. मग, "नाही म्हणजे काय? तुमचं नेहमीचंच आहे." मग हसल्या. मी उठून बसले. दुसरा आवाज येतच नव्हता. खोकला नाही, हुं नाही, काही नाही. अर्धा तास त्या घरात एकाच माणसाचं भांडण चाललं होतं आणि दुपारच्या ढळढळीत उजेडात माझ्या अंगावर काटा आला.

संध्याकाळी चहाला गेले तेव्हा आतलं दार अर्धवट उघडं होतं. पलंगावर एक गृहस्थ. नाकात नळी, दाढी नुकतीच केलेली, डोळे उघडे आणि छताला लागलेले. काकू शेजारी बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या.

"आमचे हे," त्या मान न वळवता म्हणाल्या. "अर्धांगाचा मोठा झटका. सव्वा वर्ष झालं. आपण डॉक्टर आहात म्हणून आधीच सांगते, सल्ला नको."

मी सल्ला दिला नाही. पण तीस वर्षांची सवय. दारातून एकदा पाहिलं आणि मनातल्या मनात निकाल लावून मोकळी झाले. ह्या माणसात आता काही उरलेलं नाही, बाई उगाच स्वतःची समजूत काढतेय. मग चहा प्यायले. चहा गोडमिट्ट होता.

मंगळवार, कर्वेनगर

शिबिर कर्वेनगरात एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. शिकवणारे तांबोळी सर. अतिदक्षता विभागात आयुष्य गेलेला माणूस, साठीचा, बारीक, बोलणं अगदी मोजून. स्वतःची ओळख अशी करून दिली: "आमची पुण्यातली ही सातवी पिढी. तरी रिक्षावाला विचारतो, मूळचे कुठले. मी म्हणतो, पुढच्या चौकातला."

मग नियम. ह्या गावात नियमांशिवाय पान हलत नाही असं मी मनात म्हटलं, पण हे नियम ऐकण्यासारखे होते. केस खरी असते. फक्त नावं आणि गावं काढलेली. ती पानापानानं मिळते. पुढचं पान मागता येत नाही. आत्ता हातात जेवढं आहे तेवढ्यावर काय कराल ते ठरवायचं, फळ्यावर लिहायचं, मगच दुसरं पान.

"पेशंटसुद्धा पुढचं पान घेऊन येत नाही," सर म्हणाले. "आणि एक. कुणाला केस ओळखीची वाटली, स्वतःची वाटली, तर ताबडतोब हात वर करायचा आणि बाहेर जाऊन चहा प्यायचा. इथे लबाडी एकाच प्रकारे होते. उत्तर माहीत असताना विचार केल्याचं नाटक करायचं."

आमच्या गटात पाच जण. माझ्या शेजारी आदित्य नावाचा तिशीतला भूलतज्ज्ञ, इथलाच, बोलताना निम्मं इंग्रजी. पहिलं पान त्यानंच वाचलं.

"एकोणीस वर्षांची मुलगी. पावसाळ्याचे दिवस. पहाटे चारपासून पोटात कळ, एक उलटी, घसा दुखतो. ताप नाही. आईवडील रोजमजुरीवर."

असे पेशंट आमच्याकडे पावसाळ्यात पोत्यानं येतात. आम्ही फळ्यावर लिहिलं: ॲसिडिटी, अपेंडिक्स, विषबाधा. दुसरं पान आलं.

"सकाळी सहा. डॉक्टरांनी पोट तपासून ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. मुलगी डोळे नीट उघडत नाही, शब्द जड येतात. डॉक्टरांनी आईला विचारलं, हिचं लग्न ठरलंय का?"

गटात हशा पिकला. म्हणजे डॉक्टरांना वाटलं पोरगी सोंग करतेय. मीही हसले, पण अर्ध्यातच थांबले. हा प्रश्न मी विचारते. पुष्कळदा विचारते. आमच्याकडचे निम्मे डॉक्टर विचारतात, मी स्वतःला समजावलं. आणि तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "आता हिचा श्वास जाईल."

"मॅडम, पेपर फोडलाय का?" आदित्य म्हणाला.

तिसरं पान. "सकाळी आठ. श्वास थांबला. नळी टाकून मशीनवर घेतलं."

आदित्यनं माझ्याकडे पाहिलं आणि पुढे वाचलं. "बाहुल्या मोठ्या, उजेडाला हलत नाहीत. हातपाय लुळे. चिमटा काढला तरी हालचाल नाही. दुपारी एकला डॉक्टर आपल्या सहकाऱ्याला म्हणाले, बापाला आधी जेवून येऊ दे, मग सांगू. ही गेल्यातच जमा आहे."

माय वो. हे वाक्य माझं होतं. तसंच्या तसं, शब्दाला शब्द. नऊ वर्षांपूर्वीची दुपार. मी ते माझ्या नवऱ्याला म्हटलं होतं. सिस्टर औषधं आणायला खाली गेली होती, आईबाप बाहेर बाकावर होते, दार लावलेलं होतं. खोलीत आम्ही दोघंच. मी ते कुठे लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही, नंतर आठवलंही नाही. आणि कर्वेनगरात चौथ्या मजल्यावर, मला कधी न पाहिलेल्या माणसानं ते छापून माझ्या हातात दिलं होतं. खोलीत ट्यूबलाइट होत्या, खाली स्कूटर वाजत होत्या, सगळं रोजच्यासारखं चाललेलं होतं.

हात वर करायचा होता. नियम स्पष्ट होता. मी हात मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं दाबून धरला. खोटं कशाला सांगू, मी भ्याले.

गटात वाद पेटला. एक म्हणाला मेंदू गेला, संपलं. आदित्य म्हणाला, "नो वे. आधी पापण्या, मग घसा, मग श्वास. हे वरून खाली उतरतंय. ही जमिनीवर झोपली होती का, हे कुणी विचारलंच नाही. साप चावलाय हिला." बरोबर होतं. मण्यार. अंथरुणात शिरते, चावलेलं कळत नाही, सूज येत नाही, खूण दिसत नाही. साप आमच्याकडे काही नवलाचे नाहीत; पण मला साप म्हणजे दातांच्या खुणा आणि सुजलेला पाय लागायचा. त्या दिवशी मी पोरीला विषावरची लस दिलीच नव्हती.

चौथं पान. "डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं, मशीन काढलं की संपेल, घरी न्या. वडिलांनी ऐकलं नाही. अँब्युलन्समध्ये तीन तास स्वतःच्या हातानं श्वासाचा फुगा दाबत ते मुलीला मोठ्या शहरात घेऊन गेले."

त्याखाली एक रिकामी ओळ. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं होतं: त्या क्षणी त्या खोलीत तुम्ही काय बोलला असता? एका वाक्यात. मी चिठ्ठी कोरीच घडी घालून दिली. सरांनी सगळ्या गोळा केल्या.

"पुढे काय झालं, सर?" कुणीतरी विचारलं.

"पाचवं पान गुरुवारी," सर म्हणाले आणि दिवे बंद करायला लागले.

जिन्यातूनच मी नवऱ्याला फोन लावला. "अहो, ती पोरगी आठवते? पहाटे पोटदुखी, मग श्वास गेला, बाप घेऊन गेला नागपूरला?"

"कोणती?"

"मी म्हटलं होतं, बापाला जेवून येऊ दे. तुम्ही कुणाला सांगितलं होतं का ते?"

"तू असं म्हटलं होतंस?" ते म्हणाले. मग म्हणाले, "तू जेवलीस का?"

त्यांना काहीच आठवत नव्हतं. मलाही पोरीचं नाव आठवत नव्हतं. ती जगली की गेली, तेही मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांत मी एकदाही फोन करून विचारलं नव्हतं, कारण मी निकाल लावलेला होता.

बुधवार, खडकवासला

बुधवारी अर्धा दिवस सुट्टी. आदित्य म्हणाला, "मॅडम, चला, डॅम दाखवतो. काल तुमचा चेहरा बघून मला तुम्हाला सलाइन लावावंसं वाटत होतं." पोराच्या मनात माया होती. गेले.

शहर मागे पडतं, सैनिकी प्रबोधिनीची भिंत बाजूनं धावत राहते, आणि मग एकदम पाणी. लोक गाड्या लावून कठड्यावर बसलेले. कांदाभजी, भाजलेली कणसं, लिंबू आणि तिखट. कणीसवाली बाई म्हणाली, "ताई, तिखट लावू का? लई तिखट हाय." मी म्हटलं, लाव हात सैल सोडून. खाल्लं तर आमच्याकडे ह्याला लहान मुलांचं तिखट म्हणतात. तिला तसं सांगितलं, तर ती खळखळून हसली आणि आणखी एक कणीस फुकट भाजून दिलं. पुण्याच्या वेशीवर आलं की माणसं आमच्यासारखी होतात.

मग शहाणपणा सुचला आणि मी पाण्याजवळ उतरले. काठ वरून वाळलेला दिसत होता. दुसऱ्याच पावलाला पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि मी बदकन बसले चिखलात, चोपन्न वर्षांची तज्ज्ञ डॉक्टर. आदित्यनं हात दिला. चप्पल आतच राहिली. चिखलानं ती गिळली आणि वर पुन्हा तसाच सपाट होऊन गेला, काही झालंच नाही असा. आम्ही काठीनं उकरलं, पण मिळाली नाही. मला ते बघवेना.

दगडावर बसून पाय धूत होते, तेव्हा आदित्य म्हणाला, "कालची केस क्रेझी आहे ना? मण्यारीचा पेशंट एकदम डेड दिसतो. बाहुल्या फिक्स्ड, चिमटा काढा, काही नाही. पण विष फक्त स्नायू बंद करतं, मॅडम. मेंदूला काहीच झालेलं नसतं. आत तो फुल्ली जागा असतो. सगळं ऐकत असतो."

माझा हात पाण्यातच राहिला. खोलीत आम्ही दोघं नव्हतो. तिघं होतो. तिसरीला मी मोजलंच नव्हतं.

ते वाक्य ऐकलं होतं तिनं. म्हणजे ती जगली होती. नाहीतर सांगितलं कुणी असतं? मला एकदम हुंदका आला. आनंद झाला, खरंच फार झाला, आणि त्याच्या पाठोपाठ अशी भीती वाटली की मी उठून गाडीकडे चालायला लागले, एका पायात चप्पल, एक अनवाणी. सगळ्यात वाईट काय, सांगू? हे मला माहीत होतं. पुस्तकात होतं. एमडीच्या परीक्षेत सर्पदंशावर प्रश्न आला होता आणि मी लिहिलं होतं, रुग्ण मृतवत दिसला तरी शुद्धीवर असू शकतो. त्या वाक्याखाली मी रेघही मारली होती. पाठ केलेलं वाक्य परीक्षेला आठवलं आणि पोरगी समोर पडली होती तेव्हा आठवलं नाही.

परत येऊन मी बॅग भरली. संध्याकाळची ट्रॅव्हल्स मिळाली असती. काकूंनी दारातून बॅगेकडे पाहिलं. "आपण शुक्रवारी जाणार होतात."

"काम निघालं."

"असं." त्यांनी आणखी काही विचारलं नाही. आत गेल्या आणि पलीकडून आवाज आला, "अहो, डॉक्टर चालल्या. नाही, मी काही बोलले नाही. आपण कशाला बोलायचं?" मग तेच थांबणं, उत्तराला जेवढं लागेल तेवढं.

मी त्या खोलीत गेले. का गेले, सांगता येत नाही. पलंगाजवळ उभी राहिले आणि म्हटलं, "काका, मी डॉक्टर. पुढच्या खोलीत राहते. दोन दिवस झाले, तुमच्याशी बोलले नाही. चुकलं." माझा आवाज मलाच परका वाटला. काहीही झालं नाही. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. डोळे तसेच छताला.

"उत्तराची वाट बघू नका," काकू म्हणाल्या. "मीसुद्धा बघत नाही. ऐकू येत असेल तर बरं, नसेल तर माझा घसा बसेल. एवढंच नुकसान."

मी जाऊन बॅग रिकामी केली.

गुरुवार, कर्वेनगर

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. सरांच्या हातात कागद नव्हता.

"पाचवं पान छापलेलं नाही," ते म्हणाले. "ते बाहेर चहा पीत बसलंय. सगळ्यांनी डोळे मिटायचे. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

दार वाजलं. चपलांचा आवाज आला, खुर्ची सरकली. अंधारात एका बाईनं घसा खाकरला आणि बोलायला लागली. माझ्याच मुलखातली बोली, पुण्यात राहून थोडी घासलेली.

"मी पूनम. चाकणला कंपनीत आहे. कंपनीत सर तपासाले आले, तेव्हा त्यांले हे सांगितलं होतं. आज शिफ्ट बदलून आली." नाव ऐकलं आणि केसपेपरवरचं माझंच अक्षर मला दिसलं. "सर म्हणाले, जे झालं ते सांग, म्हणून सांगते. मले आधी वाटलं, झोप येऊन राहिली. पापण्या उचलतच नव्हत्या. बोलाले गेलं तर जीभ जड. मग श्वास घेता येईना. मी लय घाबरली, पण चेहरा घाबरतच नव्हता. आतल्या आत घाबरली. घशात नळी टाकली ते कळलं. चिमटा काढला तो कळला. मले वाटलं, मी ओरडली. कोणीच वळून पाहिलं नाही."

मिटल्या डोळ्यांनी मला माझाच दवाखाना दिसत होता, पण खालून. पलंगावरून. छताचा पंखा आणि कडेला उभी मी.

"एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, बापाले आधी जेवून येऊ दे, ही गेल्यातच जमा आहे. मी विचार केला, कोणाबद्दल बोलून राहिल्या? बाजूच्या खाटेवर कोणी मेलं काय? बिचारं कोण असंल. मग मशीन आणखी पाच-सात वेळा वाजली आणि मले कळलं, बाजूला खाटच नाही. ते मीच."

पाणी प्यायल्याचा आवाज आला.

"मी मनात म्हणत होती, ओ बाई, मी हाव ना इथं. मग बाबा आले. गाडीत बाबा फुगा दाबत आणि बोलत राहिले. पूनम, नदी आली. पूनम, आता टोलनाका आला. तीन तास. नागपूरला तिसऱ्या दिवशी माझा पायाचा अंगठा हलला. बस, एवढंच आहे."

"डोळे उघडा," सर म्हणाले.

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची सावळी बाई, साधा पंजाबी ड्रेस, दोन्ही हात मांडीवर. ती गोलातल्या सगळ्यांकडे बघून कसनुशी हसली. माझ्यावरून तिची नजर तशीच पुढे गेली. तिनं मला कधी पाहिलेलंच नव्हतं.

आदित्यनं विचारलं, "त्या डॉक्टर आत्ता समोर आल्या तर?"

"मले कळणारच नाही," पूनम म्हणाली. "नाव माहीत आहे. सरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाबा म्हणत, त्या बाईचं तोंड पाहायचं नाही. गावी गेली की त्यांच्या दवाखान्यावरूनच जाते, आत नाही गेली कधी. पण आवाज ओळखीन. तसा आवाज कुठं बँकेत, बसमध्ये आला ना, तर आजही माझे हातपाय थांबतात. दोन मिनिटं हलतच नाहीत."

"आणखी कुणाला काही विचारायचंय?" सर म्हणाले.

गप्प बसले असते तर दहा मिनिटांत ती उठून गेली असती, चाकणला पोचली असती, आणि ह्या जगात कुणालाही काही कळलं नसतं. मला ते अगदी स्वच्छ दिसत होतं. बोलले तर त्या पोरीचे हातपाय थांबणार, हेही तिनंच सांगितलेलं. गप्प राहण्यात तिचंच भलं आहे, असंसुद्धा मी स्वतःला समजावून पाहिलं. निकाल लावायची माझी जुनीच सवय. तिला काय हवंय, ते मी तेव्हाही विचारलं नव्हतं.

"पूनम," मी म्हटलं.

तिचे मांडीवरचे हात थिजले. मान वळली नाही. डोळे मिटले. भर सकाळी, माणसांनी भरलेल्या खोलीत ती पोरगी माझ्यासमोर तशीच झाली, जशी त्या दिवशी होती.

"ती डॉक्टर मी," मी म्हटलं. "माझं चुकलं. चूक लहान नव्हती."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "हात मंगळवारी वर यायला हवा होता, डॉक्टर."

"हो सर."

मग मला पुढचं सुचेना. पूनमचे फक्त ओठ हलले.

"थांबू नका मॅडम. तेव्हा तुम्ही बोलायच्या थांबल्या की मले वाटे, आता खरंच संपलं. मशीन तर मेल्यावरही वाजत असंल. माणसाचा आवाज आला की कळे, मी अजून आहे. तुम्ही काहीही बोलल्या तरी मी वाट पाहत होती, पुढे बोलतील म्हणून."

"काय बोलू?"

"तेव्हा काय बोलाले पाहिजे होतं?"

मी उठले. गोल ओलांडून तिच्याजवळ गेले, खाली वाकले. तिचा हात हातात घेतला, तो बर्फासारखा होता. मंगळवारच्या चिठ्ठीवर जे मला लिहिता आलं नव्हतं, ते मी तिच्या कानाशी, सगळ्यांसमोर बोलले.

"पूनम, मी डॉक्टर. तुला मण्यार चावली आहे. तुला हलता येत नाही, पण तू जिवंत आहेस आणि तुला ऐकू येतंय, हे मला ठाऊक आहे. मशीन तुझ्यासाठी श्वास घेतंय. तुझे बाबा दाराबाहेर आहेत. मी कुठेही जात नाही."

तिनं डोळे उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांतून पाणी खाली आलं आणि माझ्या हातातली तिची करंगळी जराशी हलली.

"अजून एकदा सांगा," ती म्हणाली.